सोय म्हणजे हित काय?

निकोटिनाची वाफ ओढण्याचें ‘व्हेप’ नांवाचें लहानसें यंत्र आतां देशोदेशीं पसरलें आहे. चीन देशांतील होन लिक नामक औषधतज्ज्ञानें २००३ सालीं त्याचा आधुनिक प्रकार काढिला. कित्येक व्हेपांत बॅटरी, तापणारी तार व रसाची टाकी हे भाग निरनिराळे घेऊन जोडावे लागतात. परंतु ‘ऑल-इन-वन’ म्हणून जी जात आहे, तींत ते सर्व एकाच डबींत बसविलेले असतात. तोंडास लावून श्वास ओढिला कीं तार तापते, कापसांत मुरलेल्या रसाची वाफ होते, आणि निकोटिन फुफ्फुसांत जातें.

केवळ यंत्र म्हणून परीक्षा केली, तर तें चांगलें ठरेल. आगपेटी नको, राख नाहीं, कपड्यांस धुराचा दर्प नाहीं. परंतु, वाचकहो, जी वस्तु सोयीची ती हिताचीही असते काय? विडी विझते, संपते. तिचा वास घरच्यांस कळतो. ह्या अडचणी म्हणजे विवेकाचे लहान लहान पहारेकरीच होत. विडी संपली म्हणजे ‘आणखी एक पाहिजे काय?’ असें स्वतःस विचारण्यास क्षणभर तरी अवसर मिळतो. ज्या यंत्रानें ह्या पहारेकऱ्यांस रजा दिली, त्यानें सोय कोणाची केली? ओढणाऱ्याची, कीं त्याच्या व्यसनाची?

कोणी म्हणेल, “धुरापेक्षां वाफ बरी नव्हे काय?” हें म्हणणें पोकळ नाहीं. तंबाखू जळतांना डांबर व कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतात. व्हेपांत तंबाखू जळत नाहीं. म्हणूनच ब्रिटिश सरकारनें २०२३ सालीं इंग्लंडांतील दहा लक्ष लोकांस सिगारेट सोडण्यासाठीं व्हेप देण्याची योजना जाहीर केली. तथापि त्याच देशांत १ जून २०२५ पासून एकदां वापरून टाकण्याच्या व्हेपांची विक्री बंद झाली. कारण कचरा वाढला, आणि मुलें त्यांच्या नादीं लागलीं. ह्यांत विसंगति नाहीं. जिना एकच, त्यावरून कोणी उतरतो, कोणी चढतो. ज्यास सिगारेट सुटत नाहीं, त्यास ही उतरण्याची पायरी होईल. ज्या मुलानें ती कधीं ओढिली नाहीं, त्यास हीच दास्यांत शिरण्याची पायरी होय. लहान वाईट हें मोठ्या वाईटाच्या शेजारींच चांगलें दिसतें.

आपल्या देशांत २०१९ च्या कायद्यानें व्हेप बनविणें, आणणें, विकणें व त्याची जाहिरात करणें हा अपराध ठरविला. पहिल्या वेळीं एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विडी मात्र दुकानोदुकानीं मिळते, हा आक्षेप खरा आहे. परंतु एक दार लावतां आलें नाहीं म्हणून दुसरें उघडावें, हा न्याय नव्हे. जो उतरूं इच्छितो, त्यास १८००-११-२३५६ ह्या राष्ट्रीय दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. घरच्या माणसांनीं त्यास धीर द्यावा. आणि नवी सोय दारीं आली कीं प्रत्येकानें प्रथम विचारावें: ही माझी चाकरी करील, कीं मजकडून चाकरी घेईल?