परत न आलेले नऊ

'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मनुष्यस्वभावावर इतक्या थोड्या शब्दांत इतका कठोर अभिप्राय क्वचितच कोणी दिला असेल. लूककृत शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांचा वृत्तांत वाचताना ही म्हण हटकून आठवते. त्या दहांपैकी एकच परत आला. हा प्रसंग चार शुभवर्तमानकारांपैकी केवळ लूकने नोंदला आहे, आणि परंपरेनुसार लूक स्वतः वैद्य होता. रोगी बरा झाल्यावर वैद्याचे काय होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असावे.

परक्यावर उपकार करणाऱ्याला कृतज्ञतेची अपेक्षा करण्याचा हक्क आहे काय? हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवू इच्छितो. तो मला पुस्तकात भेटला नाही. आपल्याच घरात, एका संध्याकाळी, तो माझ्यासमोर उभा राहिला.

काही वर्षांपूर्वी परगावचा एक तरुण शिक्षणासाठी आमच्या शहरात आला. त्याच्या ओळखीचे कोणी नव्हते. आम्ही त्याला सात-आठ महिने घरी ठेवून घेतले, त्याचे शुल्क भरले, आजारपणात शुश्रूषा केली. पुढे त्याला नोकरी लागली. त्यानंतर त्याचे एक पत्र नाही, निरोप नाही. एकदा आमच्याच शहरात येऊन, आम्हांला न भेटता तो परत गेल्याचे समजले. त्या संध्याकाळी मी पुष्कळ बोललो. आजच्या पिढीला दोष दिला, जगाच्या रीतीला दोष दिला. माझी पत्नी शांतपणे भाजी निवडत होती. माझे बोलणे संपल्यावर तिने एवढेच विचारले, "गुंटकलच्या त्या गृहस्थांना तुम्ही पत्र पाठवले होते का हो?"

मी गप्प झालो. त्याचे कारण आपल्याला सांगितले पाहिजे.

1995 साली मी बंगळूर येथे ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी होतो. सुट्टीनंतर पुण्याहून परत जात असताना गाडीत मला तीव्र ताप भरला. वाडी सोडल्यावर काय झाले ते मला नीटसे आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी गुंटकल येथे एका लहानशा दवाखान्यात होतो आणि समोरच्या बाकावरचे वयस्क सहप्रवासी माझ्या उशाशी बसले होते. त्यांना मराठी येत नव्हते, मला तेलुगू येत नव्हते. दोघांच्या मोडक्या हिंदीवर आमचे काम चालले. आपला प्रवास अर्ध्यावर सोडून ते माझ्यासाठी उतरले होते. रात्रभर ते तेथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधांचे पैसे भरले, तिकीट काढले आणि मला बंगळूरपर्यंत पोहोचवले. त्यांचा धर्म कोणता हे मी विचारले नाही, त्यांनीही माझा विचारला नाही. निरोप घेताना मी त्यांचा पत्ता औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतला आणि पैसे पाठवण्याचे वचन दिले.

तो कागद हरवला असता तर बरे झाले असते. तो हरवला नाही. प्रथम परीक्षा आली. मग पैसे जमेपर्यंत थांबावे असे वाटले. मग इतका उशीर झाला की आता काय तोंडाने लिहावे, अशी लाज वाटू लागली. हा प्रसंग मात्र मी प्रवचनांतून कितीतरी वेळा सांगितला. म्हणजे त्या सज्जनाच्या दयेचा उपयोग मी दुसऱ्यांदाही करून घेतला. वाचकहो, परत न आलेल्या नऊ जणांत माझी गणना होते, हे त्या संध्याकाळी मला कळले.

तेव्हापासून त्या नवांविषयी मी अधिक सहानुभूतीने विचार करतो. त्यांनी आज्ञाभंग केला नव्हता. याजकाला जाऊन दाखवा, असे प्रभूनेच त्यांना सांगितले होते आणि ते त्याच वाटेने चालले होते. ज्याला वर्षानुवर्षे गावाबाहेर राहावे लागले, त्याला याजकाकडून शुद्धतेचा निर्वाळा मिळवून बायकामुलांकडे धावत जाण्याची घाई असणारच. कृतघ्नता बहुधा दुष्टपणातून येत नाही. ती घाईतून येते, विस्मृतीतून येते, कधी लाजेतून येते. योसेफाने तुरुंगात ज्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, तो प्यालेबरदारांचा नायक काही त्याचा वैरी नव्हता. तो केवळ विसरला. आणि योसेफाला आणखी दोन वर्षे अंधारकोठडीत काढावी लागली. विसरणाऱ्याला आपल्या विस्मृतीची किंमत कळत नाही, कारण ती दुसऱ्याने भरलेली असते.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या भाषेतच दडलेले आहे. आपण 'आभार' म्हणतो, त्यात भार आहे. आपण उपकारांच्या 'ओझ्याखाली' असतो, उपकारांची 'फेड' करतो, उपकार 'फिटत' नाहीत म्हणून खंत करतो. ही सारी सावकाराच्या वहीतील भाषा आहे. ऋणको सावकाराची गल्ली टाळतो, तसा उपकृत मनुष्य उपकारकर्त्याचे दार टाळतो. आमच्या घरचा तो तरुण आम्हांला न भेटता का गेला, याचे उत्तर कदाचित यातच असेल. सात-आठ महिन्यांत आम्ही त्याला भाकरीबरोबर ओझेही दिले असेल.

याच्या उलट 'कृतज्ञ' हा शब्द पाहा. कृत म्हणजे केलेले, आणि ते जाणणारा तो कृतज्ञ. येथे देणेघेणे नाही, केवळ जाण आहे. 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. जे घडले ते घडलेच नाही, अशा रीतीने जगणे हाच तो घात होय.

आता मूळ ग्रीक वचनांकडे वळू या. भाषांतराचे काम करताना काही शब्दांपुढे लेखणी थांबते. 'खारिस' हा त्यांपैकी एक. त्याचा अर्थ कृपा असा आहे आणि उपकारस्मरण असाही आहे. देणाऱ्याच्या हातून निघते ती खारिस आणि घेणाऱ्याच्या मुखातून परत येते तीही खारिस. लूकच्या 6 व्या अध्यायात, जे आपल्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच प्रीती करण्यात काय विशेष, असे प्रभू विचारतो, तेथे 32 ते 34 या वचनांत हा शब्द तीनदा येतो. लगेच 35 व्या वचनात परात्पर देव कोणावर दया करतो हे सांगताना 'अखारिस्तोस', म्हणजे ज्यांच्या ठायी खारिस नाही अशा लोकांचा उल्लेख येतो. मराठीत आपण एके ठिकाणी एक शब्द घालतो व दुसरीकडे 'कृतघ्न' लिहितो. अर्थ पोहोचतो, पण शब्दांची गाठ सुटते. तात्पर्य हे की, परतफेडीची आशा न धरता द्यावे, कारण स्वतः देवच कृतघ्नांना देत असतो.

तर मग दहा जण बरे झाल्यावर उरलेल्या नवांची चौकशी प्रभूने का केली? एके ठिकाणी अपेक्षा करू नका म्हणणारा दुसऱ्या ठिकाणी स्वतः अपेक्षा करतो काय?

याचे उत्तर लूकने केलेल्या मांडणीत सापडते. दहा कुष्ठरोग्यांच्या वृत्तांताच्या अगदी आधी, 17 व्या अध्यायातच, शेतातून दमून येणाऱ्या दासाचा दाखला आहे. सांगितलेले काम केले म्हणून धनी दासाचे उपकार मानतो काय, असे प्रभू तेथे विचारतो. आणि तेथेही 'खारिस' हाच शब्द आहे. म्हणजे लूक दोन धडे शेजारीशेजारी ठेवतो. पहिला सेवा करणाऱ्यासाठी: आपले आभार मानले जावेत अशी वाट पाहू नये. दुसरा सेवा घेणाऱ्यासाठी: आभार मानल्यावाचून राहू नये. आपली चूक ही की, आपण हे धडे आपसांत बदलून घेतो. देताना दुसरा धडा आठवतो, घेताना पहिला.

म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: कृतज्ञता हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे, पण देणाऱ्याचा हक्क नाही. सर्वच कर्तव्यांच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हक्क बांधलेला असतो, असे आपण समजतो. येथे तसे नाही. प्रभूने नऊ जणांविषयी विचारले ते स्वतःसाठी नव्हे. त्यांनी परत येऊन देवाचे गौरव केले नाही, एवढेच त्याने म्हटले. नवांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. त्यांचे नुकसान निराळे झाले: त्यांना त्वचा मिळाली, पण ती देणाऱ्याचे मुख दिसले नाही.

परत आलेला तो एक जण शोमरोनी होता. त्याच्यासाठी प्रभूने वापरलेला 'अल्लोगेनेस', म्हणजे परका, हा शब्द संपूर्ण नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. यरुशलेमेतील मंदिराच्या आतील कठड्यावर परराष्ट्रीयांना प्रवेशबंदी करणारा, मोडणाऱ्याला मरणाची ताकीद देणारा जो ग्रीक शिलालेख 1871 साली सापडला, त्यावर हाच शब्द कोरलेला आहे. तो शिलालेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ज्या शब्दाने दगडावर एका मनुष्याला बाहेर ठेवले, त्याच शब्दाने प्रभूने त्याला सर्वांपुढे आदर्श म्हणून उभे केले. लूकच्या 10 व्या अध्यायातही एक शोमरोनी आहे. त्याने घायाळ मनुष्याला उतारशाळेत नेले, दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, दिली आणि तो निघून गेला. त्या घायाळाने त्याचे आभार मानले की नाही, याविषयी दाखल्यात एक अक्षरही नाही. एक शोमरोनी आभारांवाचून देतो, दुसरा आभार मानायला परत फिरतो. आपल्याला हे दोघेही व्हायचे आहे.

कृतघ्नतेने देणाऱ्याची कशी परीक्षा होते, हे दावीदाच्या चरित्रात दिसते. त्याने नाबालाच्या मेंढपाळांचे रानात रक्षण केले. लोकर कातरण्याच्या सणाला नाबालाने त्याच्या माणसांना अपमान करून परत पाठवले. दावीदाने चारशे माणसांच्या कमरेला तलवारी बांधायला लावल्या. एका मूर्खाच्या कृतघ्नतेसाठी तो संपूर्ण घराण्याचे रक्त सांडायला निघाला! अबीगईल वाटेत आडवी आली म्हणून तो वाचला. होय, नाबालापेक्षा दावीदच अधिक वाचला. आपण तलवार बांधत नाही. पण 'आता पुन्हा कोणासाठी काही करणार नाही' असे म्हणतो, तेव्हा एका नाबालाची शिक्षा पुढे येणाऱ्या शंभर निरपराध परक्यांना देत असतो.

मंडळ्यांनाही येथे विचार करण्यासारखे आहे. प्राचीन काळी राजे 'यूएर्गेतेस', म्हणजे उपकारकर्ता, अशी पदवी मिरवीत. मिसरच्या तिसऱ्या टॉलेमीला ती होती. लूकच्या 22 व्या अध्यायात प्रभूने त्या पदवीचा उल्लेख करून, तुमचे तसे नसावे, असा शिष्यांना इशारा दिला. पूर आला, दुष्काळ पडला की आपण धान्य वाटतो, हे उत्तमच. परंतु पाच किलो तांदळाची पिशवी हाती देताना त्या विधवेला फलकासमोर उभे करून छायाचित्र घेतो, तेव्हा आपण तांदूळ दिला की विकला? तिची मान खाली गेली, हीच त्याची किंमत झाली.

पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. भावाबरोबर त्या उपाशीपोटी वणवण फिरल्या होत्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवांना त्यांनी आणले, केडगावच्या मुक्तीत आसरा दिला. ज्या मुलींनी उपासमार आणि फसवणूक दोन्ही पाहिली होती, त्यांचा कोणाच्या दयेवर एकदम विश्वास बसणे शक्य नव्हते. तरीही ते काम थांबले नाही. परदेशी मनुष्याचे मन तुम्ही जाणता, कारण तुम्हीही मिसरात परके होता, असे निर्गमच्या 23 व्या अध्यायात इस्राएलाला सांगितले आहे. हाच विचार येथे देहधारी झालेला दिसतो. ज्या रमाबाईंनी पुढे मूळ भाषांतून पवित्र शास्त्र मराठीत आणले, त्यांनी हे वचन आधी आपल्या जीवनात उतरवले होते. दयेचा झरा 'मी काय दिले' या हिशोबातून वाहत नाही; 'मला काय मिळाले' या आठवणीतून वाहतो.

कोणी म्हणेल, मग मिळालेले पुढे तिसऱ्याला दिले की झाले. पहिल्याचे आभार कशाला? ही पळवाट मी स्वतः वापरली आहे. पुढे देणे अवश्य आहे, पण त्याने परत फिरण्याचे कर्तव्य संपत नाही. शोमरोनी आधी परत फिरला, मगच त्याला पुढे जाण्याची आज्ञा झाली.

त्या संध्याकाळनंतर मी जुन्या ग्रीक शब्दकोशातून तो कागद शोधून काढला आणि हिंदीत एक पत्र लिहिले. इतक्या वर्षांनंतर ते कोणाच्या हाती पडले असेल, ठाऊक नाही. उत्तर आले नाही. ते मागण्याचा हक्कही मला नाही. आमच्या घरच्या त्या तरुणालाही एक पत्र टाकले. त्यात जुन्या गोष्टींची आठवण दिली नाही. फक्त सणाला जेवायला बोलावले.

प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली. मेजाभोवती त्याला विकणारा होता, नाकारणारा होता, पळून जाणारे होते. तरीही त्याने आधी पित्याचे आभार मानले आणि मग त्या सर्वांना भाकर दिली. प्रिय वाचकहो, येत्या प्रभुभोजनाला बसण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एक जुना पत्ता शोधावा, अशी माझी नम्र विनंती आहे.