जिंकता न येणारा खेळ

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात लीलेचं सूत्र येतं. ज्याला काहीच मिळवायचं नाही, त्या ब्रह्मानं जगाचा एवढा खटाटोप कशाला केला, या प्रश्नाला बादरायणांचं उत्तर आहे: लीला म्हणून. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. सगळ्या इच्छा पुरलेला राजा क्रीडेत रमतो, तेव्हा त्याला काही साधायचं नसतं. आणि आपला श्वास आत-बाहेर होतो, तोही कशासाठी म्हणून नव्हे. आमच्या अभ्यासवर्गात हे सांगत होते, तेव्हा एका इंजिनिअर मुलानं विचारलं, "बाई, म्हणजे देव टाइमपास करतो का?" प्रश्न रास्त होता. मला टेट्रिस आठवला.

1984 साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी तो रचला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका 60 यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या खुणांचे केले. हा खेळ कुणी मागितला नव्हता. तो जगभर विकला गेला, तरी मानधनाचे पैसे पाजित्नोवांना 1996 नंतरच मिळू लागले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो घरोघरी पोचला 'ब्रिक गेम' म्हणून. माझ्या मुलाचा, '9999 इन 1' छापलेला, अजून चालतो आणि मी तो खेळते.

दहा घरं रुंद, वीस घरं उंच विहीर. चार-चार चौकोनांचे सात आकार. ओळ भरली की नाहीशी होते. हा खेळ जिंकता येत नाही. 1997 साली हायडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनी दाखवून दिलं की दोन नागमोडी आकार आळीपाळीनं येत राहिले, तर कितीही निष्णात खेळाडू हरतोच. ठोकळे निव्वळ यदृच्छेनं पडत असतील, तर अशी रांग कधी ना कधी येणारच.

आता माझा डाव पाहा. कडेचं एक घर मी मुद्दाम रिकामं ठेवते. उभी पट्टी आली की चार ओळी एकदम जातील! पट्टी येत नाही, ढीग चढतो आणि समोरचा साधा ठोकळा नीट लावायचा राहून जातो. फलाशा म्हणजे काय हे इतकं स्वच्छ मला कुठल्या टीकेतही दिसलं नव्हतं. पट्टीची वाट सोडली की हात आपोआप सुधारतो.

2012 च्या कँडी क्रशची रचना वेगळी आहे. पाच जीव संपले की एकेका जिवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. इथे खेळणाऱ्याची अपूर्णता हेच भांडवल आहे.

म्हणून त्या मुलाला मी म्हटलं, टाइमपास रितेपणातून होतो, लीला पूर्णतेतून. देवाला वेळ ढकलायचा नसतो. आपण त्या राजासारखे पूर्ण नाही, हे खरंच. तरीही हरणार हे ठाऊक असून समोरचा ठोकळा मन लावून बसवतो, तेवढ्या वेळापुरती आपल्यालाही लीला साधते. टेट्रिससुद्धा दुःख विसरायला खेळला तर व्यसनच. पण खेळ हा साधनेतला अडथळाच असतो, असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. फळावरची नजर काढून कर्मात जीव ओतण्याचा सराव कुठेतरी करावा लागतो, आणि हरण्याची किंमत जिथे काहीच नाही, तिथे तो निर्भयपणे करता येतो.