हलका हात

रोज दाढी करणाऱ्या माणसाने रेझर निवडताना पाती मोजू नयेत. आपला हात कसा आहे आणि आपली सकाळ कशी जाते, ते पाहावे. दुकानातली मांडणी मात्र पाती मोजायलाच लावते. दोन पात्यांच्या शेजारी तीन, तीनच्या वर पाच, आणि पात्यांबरोबर किंमतही चढत जाते. दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर खालच्या फळीवर कुठेतरी असतो आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. नुकतीच मिसरूड फुटलेल्या मुलाला इथे काही निवडायचे असते, हेच मग कळत नाही. वडील वापरतात ते किंवा जाहिरातीत दिसते ते घेऊन तो घरी येतो आणि पुढची चाळीस वर्षे तेच वापरतो.

सेफ्टी रेझरमध्ये एकच पातळ पाते टोपीखाली किंचित वाकवून आवळलेले असते. मूठ धातूची आणि जड असते. पाते चालायला त्या वजनाचा भार पुरतो, वरून दाबायचे नसते. गालाशी साधारण तीस अंशांचा कोन धरायचा, मोकळ्या हाताने कातडी ताणायची आणि आखूड फटके घ्यायचे. गाल सोपा असतो. जबड्याच्या कडेला, ओठाखालच्या खळीत, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना कोन सारखा बदलतो आणि तो हातालाच सांभाळावा लागतो. पाती बसवलेले डोकेच बदलायचे असते अशा कार्ट्रिज रेझरमध्ये हे काम रेझर आपल्याकडे घेतो. त्याचे डोके चेहऱ्याच्या वळणाप्रमाणे फिरते, पाती कारखान्यातच ठरलेल्या कोनात बसवलेली असतात, खालची रबरी पट्टी कातडी ताणते आणि वरची बुळबुळीत पट्टी घसरायला मदत करते. माणसाने नुसते ओढायचे. घाईच्या सकाळी ही सोय खरी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण पाती वाढवल्याने दाढी तेवढ्या पटीने चांगली होते, हे मला पटत नाही. जिलेट कंपनीने दोन पात्यांचा रेझर १९७१ मध्ये आणला, तीन पात्यांचा १९९८ मध्ये आणि पाच पात्यांचा २००६ मध्ये. पुढच्या पात्याने केस किंचित ओढून धरायचा आणि मागच्याने तो आणखी खालून कापायचा, ही त्यामागची कल्पना. गाल गुळगुळीत होतो, यात शंका नाही. मात्र ज्यांचे केस राठ आणि कुरळे आहेत, त्यांचा कातडीच्या खाली कापला गेलेला केस वर येताना वळतो आणि कातडीतच शिरतो. गळ्यावर पुटकुळ्या उठतात, आग होते, पिकल्या तर दिवसेंदिवस दुखत राहतात. अशा माणसाने पाच पाती सोडून एका पात्याकडे यावे, वाढीच्या दिशेनेच हात फिरवावा आणि उलटी दाढी करायचा मोह टाळावा. गाल हाताला थोडा खरबरीत लागला तर लागू द्यावा. रोज सकाळी सोलवटून निघण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

एका पात्याचा हा रेझरही मुळात जिलेटचाच. किंग कॅम्प जिलेट या विक्रेत्याला फेकून देता येईल असे पातळ पाते सुचले, पण कागदासारख्या पातळ पोलादाला धार आणि कडकपणा देणे त्याला जमत नव्हते. ते विल्यम निकरसन या तंत्रज्ञाने जमवले. १९०३ या पहिल्या वर्षी एक्कावन्न रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानातून हा रेझर घरोघर पोहोचला. मूठ जवळजवळ फुकट द्यायची आणि पात्यांवर कमवायचे, हा धंदा जिलेटनेच सुरू केला असे व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जाते. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुन्या किमती तपासल्या, तेव्हा चित्र वेगळे निघाले. पेटंट चालू होते तोवर रेझरची किंमत पाच डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच महाग होती. मुठी स्वस्त झाल्या त्या १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर.

सामान्य गिऱ्हाइकाच्या फायद्याची गोष्ट यातच आहे. दुधारी पात्याचे माप आज कोणा एकाच्या मालकीचे नाही. ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स पाते कुठल्याही देशात बनलेल्या मुठीत बसते. एक पाते आवडले नाही तर दुसरे घ्यावे, खर्च काही रुपयांचाच आहे. मूठ एकदा घेतली आणि पुसून कोरडी ठेवली की वर्षानुवर्षे टिकते. कार्ट्रिजची मूठ मात्र ज्या कंपनीची घ्याल तिच्याच दाराशी तुम्हाला परत परत नेते. तीन किंवा पाच पात्यांच्या चांगल्या कार्ट्रिजला शंभराच्या वर मोजावे लागतात. म्हणून पुष्कळजण बोथट झालेले कार्ट्रिज आठवडेच्या आठवडे ओढत राहतात, आणि बोथट पात्याइतके कातडीला काहीच वाईट नाही.

सगळ्यात बोलकी हकिकत मला वाटते ती आपल्याच देशातली. भारतासाठी रेझर बनवताना जिलेटच्या मंडळींनी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून चाचणी घेतली. त्यांना रेझर आवडला. तोच भारतात आल्यावर केसांनी तुंबू लागला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात वाहता नळ होता. इथे लाखो माणसे पहाटे अंगणात बसून, हातभर अंतरावर लहानसा आरसा टेकवून, कपभर पाण्यात दाढी उरकतात. पाती जवळजवळ असली की कपभर पाण्यात ती धुऊन निघत नाहीत. मग कंपनीची माणसे इथल्या घरांत जाऊन बसली, त्यांनी पाहिले, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये गार्ड नावाचा रेझर आला. पंधरा रुपयांचा रेझर, पाच रुपयांचे कार्ट्रिज, सहज धुतले जाईल असे मोकळे डोके, खिळ्याला टांगता यावा म्हणून मुठीला भोक, आणि पाते एकच. जगाला पाच पाती विकणारी कंपनी माणसाच्या समोर बसल्यावर एका पात्यावर आली. माणूस जिथे आणि जसा दाढी करतो तिथून विचार सुरू केला की निवड सोपी होते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

सलूनमधले कारागीर तर कायम एकाच पात्यावर काम करतात. कागदात गुंडाळलेले दुधारी पाते मधोमध मोडायचे आणि अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचे. एचआयव्हीविषयी जागृती झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर नवे पाते लावण्याची रीत रुळली, ती मोडू देऊ नये. त्या हाताकडे एकदा लक्ष देऊन पाहा. आधी कोमट पाणी, मग ब्रशने चांगला घोळवलेला फेस, मग न दाबता फिरणारे पाते, शेवटी तुरटी. दाढी चांगली होते ती निम्म्याहून अधिक या तयारीमुळे. ती तयारी गाळली तर महागातला महाग रेझरही ओरबाडतो.

कार्ट्रिज कोणी घ्यावे? ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना नीट दिसत नाही, ज्यांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, त्यांनी खुशाल घ्यावे. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी करणाऱ्या मुलानेही घ्यावे, कारण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कोनाचा अंदाज लागत नाही. विमानाने जाताना सुटे पाते हातातल्या पिशवीत नेता येत नाही, तिथेही कार्ट्रिजच सोयीचे. बाकी ज्याचा हात धड आहे आणि ज्याला सकाळची दहा मिनिटे स्वतःसाठी काढता येतात, त्याने एका पात्याचा सेफ्टी रेझर घ्यावा, असे माझे स्वच्छ मत आहे. सुरुवातीला एखाददुसरे खरचटेल, तुरटी फिरवावी. पुढे हात आपोआप हलका होतो.

मात्र तो घेतला की एक जबाबदारी अंगावर येते. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या भिंतीतल्या कपाटाला एक बारीक फट असे. वापरलेले पाते त्यात टाकले की ते भिंतीच्या पोकळीत पडे. आता घरे दुरुस्त करताना कामगारांना तिथे गंजलेल्या पात्यांचे ढीग सापडतात. आपल्याकडे पाते कागदात गुंडाळून, नाहीतर तसेच, कचऱ्याच्या डब्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटांत घुसते. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हापासून त्यांच्या कामाला निदान नाव आणि मान मिळू लागला. पण आपण टाकलेल्या धारेपासून कुठलीही संघटना त्यांचे हात वाचवू शकत नाही. ते आपणच करायचे आहे. पत्र्याचा एखादा झाकणाचा रिकामा डबा घ्या, झाकणाला पाते जाईल एवढी चीर पाडा आणि तो आरशाजवळ ठेवा. भरायला काही वर्षे लागतील. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘धारदार पाती’ असे लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना सांगून, वेगळा म्हणून, त्यांच्या हातात द्या.