लिव्याथान आणि शेजारी

वाचकहो, काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुणाला मी जे उत्तर दिले, त्याची खंत अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही. तो मित्रांसमवेत एक कथाखेळ खेळत असे. या खेळात चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. इतर जण आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात, आणि पुष्कळदा त्यांचे फळ फासे टाकून ठरते. त्याची कथा आजच्या न्यूयॉर्कमध्ये घडत होती. तेथे माणसांच्या शेजारी रक्तपिपासू पिशाचे गुप्तपणे नांदत. आता या नगरीत विश्वापलीकडची एखादी भीषण शक्ती आणावी, असे त्याच्या मनात होते. "काका, हे पाप आहे का?" त्याने विचारले. "फासे आणि भुते, दोन्ही सोडून दे," एवढेच मी म्हणालो. त्यानंतर त्याने मला काही विचारले नाही.

माझे उत्तर नवे नव्हते. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि १९८० च्या दशकात तेथील अनेक ख्रिस्ती जनांनी त्यावर सैतानपूजेचा आरोप केला. त्या आरोपास आधार मिळाला नाही. शिवाय, भीषणाची कल्पना करणे हेच पाप असेल, तर दानीएलाच्या दर्शनात समुद्रातून वर येणारी श्वापदे आपण कोठे ठेवणार?

खरा प्रश्न निराळा आहे. पिशाच कितीही दुष्ट असो, त्याला काहीतरी हवे असते. त्याच्याशी करार होऊ शकतो, त्याला पश्चात्तापही होऊ शकतो. परंतु एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या कथांतील शक्तींना माणसाचा द्वेषही वाटत नाही. माणूस त्यांच्या खिजगणतीतच नाही. त्या कथांवर बेतलेला 'कॉल ऑफ क्थुलू' हा खेळ १९८१ साली निघाला. त्यात भीषण दृश्य पाहिले की पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण घटतात. ते शून्यावर आले की पात्र कायमचे वेडे होते. अशी शक्ती नगरीत आली की एक नैतिक कसोटी उभी राहते: नगरीचा नाश अटळ असेल, तर रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला वाचवण्यात काय अर्थ? हा प्रश्न खेळात विचारला जाणे मला आता वाईट वाटत नाही. रुग्णशय्येपाशी बसणाऱ्या प्रत्येकास तो कधीतरी पडतोच.

मात्र दुसरा धोका खरा आहे. लव्हक्राफ्ट १९२४ ते १९२६ या काळात ब्रुकलिनमध्ये राहिला. तेथील रेड हूक या बंदरालगतच्या वस्तीवर त्याने १९२५ साली एक कथा लिहिली. तीत परदेशांतून आलेले गरीब लोकच अघोरी पंथाचे उपासक ठरतात. परक्या माणसाविषयीची घृणा त्याने राक्षसाच्या रूपाने मांडली. पुढे २०१६ साली व्हिक्टर लव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' मध्ये तीच कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या दृष्टीने नव्याने सांगितली.

आमच्या तरुणानेही मला सांगितले होते, की त्याच्या भीषण शक्तीचे पूजक बंदरावरील परदेशी मजुरांच्या वस्तीत राहतात. मी ते ऐकले. पण माझे लक्ष फाशांवर होते! जेथे थांबवायला हवे होते, तेथे मी गप्प राहिलो.

स्तोत्र १०४ मधील २६ व्या वचनाशी भाषांतरकाराला थबकावे लागते. तेथील एका लहानशा इब्री शब्दाचे दोन अर्थ संभवतात: देवाने लिव्याथान समुद्रात खेळण्यासाठी घडवला, किंवा त्याच्याशी आपण खेळावे म्हणून घडवला. कोणताही अर्थ घेतला तरी तो अजस्र प्राणी निर्मितच ठरतो. त्याच्यापलीकडे निर्माता आहे, म्हणून त्याच्यासमोरही पहारेकऱ्याच्या जिवाचे मोल उणे होत नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातील मुलाने असा प्रश्न केला, तर उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्यालाच विचारा: तुझा राक्षस कोणाच्या वस्तीत राहतो? तो आल्यावर तुझी पात्रे कोणाला वाचवतात? आणि मेजाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला ते भय सोसवेनासे झाले, तर तू थांबतोस ना?

तो तरुण आता दुसऱ्या शहरी असतो. हे प्रश्न मी त्याला विचारले नाहीत. हा लेख छापून आला की प्रथम त्यालाच पाठवणार आहे.