ओळखीचे ऋण

उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईकडून तिन्हीसांजेला पिंगळ्याचा आवाज आला की घरातील वडीलधारी माणसे अजूनही क्षणभर स्तब्ध होतात. त्याच्या बोलण्यात शकुन पाहण्याची आपली रीत जुनीच. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यानेही नाव घेतले ते याच पक्ष्याचे. परंतु इतक्या परिचयाच्या या पाखराकडे आम्ही कधी नीट पाहिले होते काय? त्याच्या मस्तकावर पांढरे ठिपके असतात, हेही आम्हांस पुस्तकाने सांगितले. नाव ठाऊक असणे आणि ओळख असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तेव्हा उमगले.

या पिंगळ्याचा एक दुर्मीळ भाऊबंद म्हणजे सातपुड्याच्या रानातील रानपिंगळा. त्याच्या मस्तकावर ठिपके जवळजवळ नसतात. चोच व पाय दणकट, पोट शुभ्र, शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. 1884 नंतर मात्र तो कोणाच्या हाती लागला नाही. एक अपवाद सांगितला जाई : कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये दक्षिण गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याचे सांगितलेला नमुना.

तो अपवादच खोटा निघाला. पामेला रासमुसेन यांनी त्या पक्ष्याचे कातडे बारकाईने तपासले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने 1880 च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूस सारून जुन्या, खऱ्या नोंदींचा माग घेतला. आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्यासमोर जिवंत बसलेला दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

कोणी म्हणेल, चिठ्ठी खरी की खोटी, याचे पाखराला काय? त्याला आपल्या नावाची गरज नाही, हे खरेच. पण रान राखायचे की तोडायचे, याचा निर्णय माणूस करतो, आणि तो कागद पाहून करतो. ज्या रानाच्या नावावर पक्षी नाही, त्या रानाची बाजू मांडणार कोण? एका चिठ्ठीने खानदेशाची नोंद पुसली आणि शोधणाऱ्यांच्या वाटेत एक खोटी खूण उभी केली. म्हणून ही चोरी केवळ संग्रहालयाची नव्हे. ती त्या रानाचीही होती.

येथे चूक आणि असत्य यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. ह्यूम यांनी रानपिंगळ्यासाठी वेगळी प्रजाती कल्पिली होती; 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याला साध्या पिंगळ्याच्याच प्रजातीत बसवले. यात ह्यूम यांना कमीपणा नाही. प्रामाणिक चूक पुढच्या माणसासाठी दार उघडे ठेवते. असत्य ते बाहेरून कडी लावून बंद करते. आणि विषण्ण करणारी गोष्ट ही, की कर्नलसाहेब अज्ञानी नव्हते. पक्ष्यांचे त्यांचे ज्ञान मोठे होते. ज्ञानाला सचोटीची जोड नसेल, तर ते अज्ञानाहून घातक ठरते.

सीमाभागात राहणाऱ्या आम्हांस चिठ्ठीचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. माणसाकडे न पाहता त्याच्यावर नाव डकवले जाते, तेव्हा काय वाटते हे येथे घरोघर ठाऊक आहे. मग तीच घाई आपण दुसऱ्याच्या बाबतीत का करावी? शेजाऱ्याला त्याच्या भाषेवरून, आडनावावरून क्षणात ‘ओळखणारे’ आपण त्याच्याकडे किती वेळ पाहिलेले असते?

ओळख हे एक ऋण आहे, असे आम्हांस वाटते. ते पाहून, थांबून आणि चुकल्यास चूक कबूल करूनच फिटते. आमराईतला पिंगळा आता बोलतो, तेव्हा आम्ही शकुन विचारीत नाही. तो कोणत्या फांदीवर बसला आहे, ते आधी पाहतो.