बुसानला गेलेली 130 माणसं

1979 च्या एप्रिलमध्ये चितगावच्या एका नव्या कंपनीनं 130 माणसं दक्षिण कोरियातल्या बुसानला पाठवली. कंपनीचं नाव देश गार्मेंट्स. तिचे संस्थापक नुरूल कादेर हे पूर्वीचे सनदी अधिकारी, बांगलादेशच्या मुक्तिलढ्यात उतरलेले. बुसानला देवू कंपनीचा शिलाईचा अद्ययावत कारखाना होता. कापडाचे थर रचून एकदम कापायचे कसे, एका शर्टाचे किती तुकडे आणि ते कोणत्या क्रमानं जोडायचे, काज-बटणापाशी काम तुंबू लागलं तर ओळ कशी हलती ठेवायची, माल खोक्यात भरण्याआधी तपासायचा कसा, हे सगळं ही माणसं तिथे नोव्हेंबरपर्यंत शिकत होती. त्यात मशीनवर बसणारे होते, तसेच देखरेख करणारे आणि व्यवस्थापकही होते.

देवूनं हे परोपकार म्हणून केलं नव्हतं. 1974 पासून श्रीमंत देशांनी ‘बहुतंतू करारा’खाली कपड्यांच्या आयातीवर देशवार मर्यादा घातल्या होत्या. कोणत्या देशातून किती शर्ट येऊ द्यायचे, याचा कोटा ठरलेला असे. कोरियाचा कोटा भरत आला होता. बांगलादेशात हा उद्योग जवळपास नव्हताच, म्हणून त्याला कोटाही नव्हता. कोरियन कंपनीला शर्टावर लावायला दुसऱ्या देशाचं नाव हवं होतं आणि कादेर यांना उद्योग हवा होता. सौदा जुळला.

पुढं जे घडलं ते मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हतं. देश गार्मेंट्सनं 1980 मध्ये 43 हजार शर्ट शिवले, 1987 मध्ये 23 लाख. कंपनीसाठी हे मोठंच यश. पण त्याच दशकात बुसानहून शिकून आलेल्या 130 पैकी 115 जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणाला दुसऱ्यानं जास्त पगारावर नेलं. कादेर यांचं त्यात नुकसान झालं, देशाचं भलं झालं. आज बांगलादेशातून वर्षाला चार हजार कोटी डॉलरच्या आसपास तयार कपडे बाहेर जातात. देशाच्या एकूण निर्यातीत त्यांचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त आहे आणि चाळीस लाखांच्या आसपास लोक त्यावर पोट भरतात.

या वाढीचं एक ठरलेलं स्पष्टीकरण आपल्याकडे दिलं जातं: तिथे मजुरी स्वस्त आहे. ते मला पटत नाही. 1979 साली अर्ध्या जगात मजुरी स्वस्त होती. आफ्रिकेत होती, बिहारमध्ये होती. मजुरी स्वस्त नसती तर हा उद्योग आला नसता, इतकंच खरं. तो टिकला आणि फोफावला, तो शिकलेली माणसं एका कारखान्यातून दुसऱ्यात गेली म्हणून आणि त्यांना खिशात भांडवल नसताना धंदा करता येईल अशी सोय सरकारनं केली म्हणून. यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल फार कमी लिहिलं जातं. ती कंटाळवाणी वाटते, कारण ती बँकेच्या आणि सीमाशुल्काच्या कागदांत दडलेली आहे.

शर्ट निर्यात करायचा तर कापड हवं. बांगलादेशात निर्यातीच्या दर्जाचं कापड नव्हतं. ते बाहेरून आणायचं तर डॉलर हवेत, वर आयात शुल्क. नवख्या माणसाकडे दोन्ही नाही. यावर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन सोयी झाल्या. पहिली बँकेची. परदेशी खरेदीदारानं मागणीसोबत पतपत्र, म्हणजे एलसी, पाठवली की तिच्याच आधारावर इथली बँक कापड पुरवठादाराच्या नावे दुसरी एलसी उघडून देई. कापड आलं, शर्ट शिवून गेले, पैसे आले की त्यातून कापडाचे पैसे चुकते. कारखानदाराला स्वतःची रक्कम गुंतवावी लागे ती मशीन, जागा आणि पगारापुरती. दुसरी सोय गोदामाची. निर्यातीसाठी आणलेलं कापड शुल्क न भरता बंधपत्राखालच्या गोदामात ठेवायचं, आणि जेवढं वापरलं त्याचा हिशेब द्यायचा. या दोन सोयींमुळे कारखाना काढण्याची कुवत ही श्रीमंतीवर अवलंबून राहिली नाही. बुसानहून आलेला व्यवस्थापक नोकरी सोडून मालक होऊ शकला तो यामुळे.

इथे मुंबईचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्या वर्षांत चितगाव आणि ढाक्यात शिलाईच्या ओळी उभ्या राहत होत्या, त्याच वर्षांत, 18 जानेवारी 1982 पासून, गिरणगावात अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर होते. आपल्याकडे कापड होतं, बंदर होतं, बँका होत्या, तीन-चार पिढ्यांचा कामगार होता. तरी आज भारताची तयार कपड्यांची निर्यात बांगलादेशच्या निम्म्याहूनही कमी आहे. याचं खापर एकट्या संपावर किंवा त्याचे नेते दत्ता सामंत यांच्यावर फोडणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. तयार कपडे शिवण्याचं काम आपण लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं. शे-दोनशे मशिनं लावून कारखाना वाढवू पाहणाऱ्याच्या आड कायदाच येत होता. विणलेल्या कापडाच्या कपड्यांवरची ही राखीवता उठायला 2000 चं वस्त्र धोरण उजाडावं लागलं. तोवर वीस वर्षं गेली होती. परळ-लालबागच्या घरांतल्या मुलींना शिलाईच्या कारखान्यात महिन्याचा पगार मिळू शकला असता, त्या पिढीला ती संधी मिळाली नाही. गिरणी गेल्यावर जमिनीच्या किमतीची चर्चा झाली, त्या हातांच्या कौशल्याची झाली नाही. याची खंत मला आजही वाटते.

मात्र बांगलादेशची कहाणी इथेच थांबवून आरती ओवाळणंही चुकीचं ठरेल, कारण तिचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या देवूनं शर्ट शिवायला शिकवलं, तिच्याकडेच पाहा. किम वू-चुंग यांनी ती 1967 मध्ये कापडाच्या व्यापारासाठी काढली. 1978 मध्ये, म्हणजे चितगावची माणसं बुसानला पोचण्याच्या आदल्या वर्षी, कोरियन सरकारच्या आग्रहामुळे याच कंपनीनं ओकपो इथला अर्धवट राहिलेला जहाजबांधणीचा कारखाना ताब्यात घेतला. किम यांना ते नको होतं. पण राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत स्वस्त कर्ज सरकारच्या हाती होतं, आणि त्याबदल्यात निर्यातीचे आकडे दाखवावे लागत. पार्क स्वतः दरमहा निर्यातीच्या बैठकीला बसत. जो उद्योगपती लक्ष्य गाठेल त्याला पुढचं कर्ज, जो गाठणार नाही त्याला देताना हात आखडता. शर्टात पैसा सुटत असताना जहाजाकडे ढकलणारं कुणीतरी तिथे होतं.

ती हुकूमशाही होती. कामगार संघटना चिरडल्या जात होत्या, आणि कर्जाच्या डोंगरावर वाढलेली देवू 1999 मध्ये कोसळली. तेव्हा मी कोरियाचा नमुना उचलून आणा असं म्हणत नाही. म्हणायचं आहे ते एवढंच, की तिथे सवलत घेणाऱ्यापेक्षा देणारा वरचढ होता. ढाक्यात हे नातं उलटं झालं. कपडा-कारखानदार संसदेत गेले, मंत्री झाले, वृत्तवाहिन्यांचे मालक झाले. ढाक्याच्या हातीरझील तलावात त्यांच्या संघटनेनं मुख्यालयाची उंच इमारत बेकायदा उभी केली. उच्च न्यायालयानं 2011 मध्ये ती पाडायला सांगितलं, आणि ती रिकामी व्हायला 2019 उजाडलं. जे सरकार एक इमारत आठ वर्षं रिकामी करवून घेऊ शकत नाही, ते त्याच मालकांना ‘आता शर्टापुढे जा’ असं कसं सांगणार?

ढाक्याजवळच्या सावरचा राणा प्लाझा याच नात्यातून पडला. 23 एप्रिल 2013 ला आठ मजली इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं, कारण माल ठरल्या तारखेला जहाजावर चढायला हवा होता. 1,134 माणसं मेली. ज्यांच्या स्वस्त मजुरीचे गोडवे गायले जात होते, त्याच या मुली आणि बाया. तिथे कामगारांची संघटना असती आणि तिच्या शब्दाला वजन असतं, तर तड्यांखाली जाऊन बसायला नकार देता आला असता. त्यानंतर युरोपातल्या कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला, हजारावर कारखान्यांची तपासणी झाली, अग्निरोधक दारं आणि पक्के खांब आले. हे खरोखर मोठं काम होतं, आणि ते बाहेरच्या दबावानं झालं. त्याचा खर्च प्रामुख्यानं कारखानदारांनी उचलला, आणि खरेदीदार त्या प्रमाणात भाव वाढवून देत नाहीत ही त्यांची तक्रार रास्त आहे. त्या तक्रारीतच त्यांची कोंडी दिसते. जो फक्त शिवून देतो, त्याला भाव ठरवता येत नाही.

व्हिएतनामनं वेगळी वाट धरली. 1986 च्या ‘दोई मोई’ सुधारणांनंतर परदेशी कंपन्यांसाठी दारं उघडली, 2009 मध्ये सॅमसंगचा फोनचा कारखाना बाक निन्ह प्रांतात सुरू झाला, आणि आज त्या देशाच्या निर्यातीत फोन आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू पुढे आहेत. पण निर्यातीतला सुमारे 70 टक्के वाटा परदेशी मालकीच्या कंपन्यांचा. बांगलादेशात कारखाने बहुतांशी बांगलादेशींचेच आहेत. ही त्याची खरी मिळकत. ती खर्ची टाकायची की वाढवायची, हा आजचा प्रश्न आहे.

शिकणं कुठे चालू राहिलं आणि कुठे थांबलं, हे त्या देशातच पाहता येतं. युरोपात शुल्कमाफी हवी असेल तर सुतापासून कापड आणि कापडापासून कपडा हे दोन्ही टप्पे देशात झाले पाहिजेत, असा नियम बरीच वर्षं होता. त्या अटीमुळे नारायणगंज आणि आसपास होजिअरीचं कापड विणणारे कारखाने, रंगणी, सूतगिरण्या उभ्या राहिल्या. टी-शर्टाचं कापड देशातच होऊ लागलं. 2011 मध्ये युरोपनं गरीब देशांसाठी ही अट सैल केली. आयात कापड नुसतं शिवून दिलं तरी माफी. हेतू चांगला होता, निर्यात वाढलीही. पण कापडाकडे वळण्याची जी सक्ती होती ती गेली. आज जगात कृत्रिम धाग्याच्या कपड्यांना मागणी जास्त, आणि बांगलादेशचे कपडे अजून मोठ्या प्रमाणात सुतीच आहेत. कारखान्यांतली वरची तांत्रिक आणि विक्रीची कामं सांभाळायला श्रीलंका, भारत, कोरियातून माणसं आणावी लागतात. चाळीस वर्षांनंतरही.

आणि त्याच वेळी विद्यापीठांतून पदव्या घेऊन बाहेर पडणारी लाखो मुलं-मुली सरकारी नोकरीच्या रांगेत उभी आहेत. 2024 च्या जून-जुलैमध्ये ढाक्याच्या रस्त्यांवर जे पेटलं, त्याची ठिणगी सरकारी नोकऱ्यांत मुक्तिलढ्यातल्या सैनिकांच्या वंशजांसाठी ठेवलेल्या 30 टक्के कोट्याची होती. 5 ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या. दडपशाही, निवडणुकांतले गैरप्रकार ही कारणं होतीच. पण ज्या देशाची अर्थव्यवस्था दोन दशकं सहा टक्क्यांच्या आसपास वाढली, तिथे शिकलेला तरुण सरकारी कचेरीतल्या खुर्चीसाठी जीव द्यायला तयार होतो, याचा अर्थ त्या वाढीत त्याच्यासाठी जागा नव्हती. शिलाईच्या ओळीला आठवी-दहावी शिकलेली मुलगी लागते. धागा बनवणाऱ्या, रंगाचं रसायन तयार करणाऱ्या, कपड्याची रचना करून स्वतःच्या नावानं विकणाऱ्या उद्योगाला अभियंता लागतो, रसायनशास्त्रज्ञ लागतो. तो उद्योगच वाढू दिला गेला नाही.

‘अल्पविकसित देश’ या गटातून बांगलादेशला बाहेर काढण्याचं संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये ठरवलं आणि तयारीला पाच वर्षं दिली. गटाबाहेर पडल्यावर युरोपातली शुल्कमाफी काही काळ चालेल, मग संपेल, आणि शर्टावर 12 टक्क्यांच्या आसपास शुल्क बसू शकेल. कारखानदारांची पहिली मागणी असते मुदत वाढवून द्या, दुसरी मजुरी वाढवू नका. 2023 च्या शेवटी किमान वेतन महिना 12,500 टाका झालं. कामगार 23,000 मागत होते. मला वाटतं, या दोन मागण्यांपुढे नव्या राज्यकर्त्यांनी मान तुकवू नये. निर्यातदारांना मिळणारं रोख अनुदान आणि स्वस्त कर्ज सरसकट देण्याऐवजी त्याला अट आणि तारीख जोडावी: कृत्रिम धाग्याचं कापड देशात विणेल त्याला, नवा बाजार मिळवेल त्याला, पदवीधरांना कामावर घेऊन त्यांना शिकवेल त्याला, आणि तेही पाच वर्षांपुरतं. कोणत्या कारखान्याला किती मिळालं आणि त्यानं काय करून दाखवलं, याची यादी दरवर्षी संसदेत ठेवावी, कामगार संघटनांना ती तपासता यावी. कोरियानं हा हिशेब बंद खोलीत, दहशतीवर मागितला. बांगलादेशला तो उघड्यावर मागायची संधी 2024 नंतर मिळाली आहे, आणि तो मागायला लागणारं बळ मालकांच्या संघटनेतून येणार नाही. ते सावरच्या कामगारांकडून आणि ढाका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडूनच यावं लागेल. या दोघांनी आजवर एकत्र मागणी केलेली फारशी दिसत नाही, कारण एकाला पगार हवा असतो आणि दुसऱ्याला नोकरी. दोन्ही एकाच कारखान्यातून येऊ शकतात.