यकृतावरची शस्त्रक्रिया आणि सटवाईचा लेख

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला, तर तो बहुधा आधी यकृतात जातो. आतड्याचे रक्त थेट तिकडेच वाहत असते. गाठी काढून पुरेसे निरोगी यकृत उरणार असेल, तर शस्त्रक्रिया करता येते आणि उरलेला भाग पुन्हा वाढतो. त्यानंतर रुग्ण किती जगेल, याचा अंदाज बांधण्याची एक परिचित पद्धत न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील युमन फाँग आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडली. 1001 रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी पाच प्रश्न ठरवले. मूळ गाठीजवळच्या लसिका ग्रंथींत रोग होता का? मूळ रोगानंतर 12 महिन्यांच्या आत तो यकृतात दिसला का? यकृतात एकाहून अधिक गाठी आहेत का? सर्वांत मोठी गाठ 5 सेंटिमीटरहून मोठी आहे का? रक्तातल्या सीईए या कर्करोगसूचक प्रथिनाचे प्रमाण 200 च्या वर आहे का? प्रत्येक होकाराला एक गुण. शून्य गुणांच्या गटातले सुमारे 60 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. पाच गुणांच्या गटातले 14 टक्के.

अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरातील माणसाला या शस्त्रक्रियेसाठी मोठे शहर गाठावे लागते. तिथे नातेवाईक विचारतात, "किती दिवसांचे सोबती?" उत्तरादाखल टक्केवारी मिळाली की ती घरी वेगळ्याच अर्थाने पोहोचते. बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पुजून जवळ कोरा कागद नि लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येऊन भविष्य लिहून जाते, ही श्रद्धा खेड्यापाड्यांत खोल रुजलेली आहे. डॉक्टरांचा आकडा त्याच लेखाची नक्कल वाटू लागतो. वास्तविक दोन्हींची जात निराळी. सटवाईचा लेख एकाच जिवाचा, अटळ आणि कोणालाही न वाचता येणारा. टक्केवारी सर्वांना वाचता येते, पण ती गटाची असते. त्या 14 जणांत हा रुग्ण आहे की उरलेल्या 86 जणांत, हे ती सांगत नाही.

गट कोणता धरायचा, हाही पेच आहेच. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1866 च्या आपल्या ग्रंथात तो मांडला: एकच माणूस एकाच वेळी अनेक गटांत मोडतो आणि प्रत्येक गटाची शक्यता वेगळी निघते. राजूरचा शेतकरी गाठींच्या संख्येने एका गटात, वयाने दुसऱ्या, गाठीतल्या जनुकीय बदलांनी तिसऱ्या गटात. शिवाय फाँग यांचे रुग्ण अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयाचे होते. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी एसटीने घाट उतरणाऱ्याची गणना त्यांत नाही.

आयुष्य ठरलेले असते का, हा प्रश्न आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना सरळ विचारतो. सगळ्यांचेच आयुष्य नेमलेले असते तर औषधांची गरजच उरली नसती, असे आत्रेयांचे म्हणणे. दैव आणि पुरुषकार, म्हणजे या जन्मातले कर्म, या दोहोंच्या बळावर आयुष्य अवलंबून असते. दुबळ्या दैवाला प्रबळ कर्म मागे सारते. आयुर्वेदाचा हा पाया दैव नाकारत नाही, पण त्याला शेवटचा शब्दही देत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्याला यापेक्षा भक्कम भूमिका सापडणे कठीण.

मात्र त्याच संहितेचा इंद्रियस्थान हा भाग वैद्याला बजावतो, की मरणाची चिन्हे दिसली तरी विचारल्याशिवाय बोलू नये आणि रुग्णाला वा इतरांना अपाय होणार असेल, तर विचारल्यावरही बोलू नये. या सल्ल्यामागे करुणा आहे. तरीही तो आज जसाच्या तसा पाळता येत नाही. ती चिन्हे उपाय संपल्यावरची होती. गुणांची ही मोजणी उपायाआधीची आहे. मोठी शस्त्रक्रिया, गहाण पडणारी जमीन, घरापासून दूर काढायचे महिने, हे सारे पत्करायचे की नाही, याचा कौल रुग्णाचा असतो आणि संमतीपत्रावर सही किंवा अंगठाही त्याचाच. म्हणून आकडा नातेवाइकांच्या कानात न सांगता, रुग्णाला ऐकायचा आहे का हे आधी विचारून, त्याच्याच बोलीत सांगावा; आणि 14 सांगताना 86 ही सांगावेत, 86 सांगताना 14 ही.